पगार नाही, तिकिटाची गॅरंटी नाही, तरी पक्षाचा तालुका सचिव नेमकं करतो काय?

"तालुका सचिवपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" वर नेत्यांचे पंधरा-वीस फोटो, मधोमध हात जोडलेला एक माणूस आणि खाली 'शुभेच्छुक : मित्रपरिवार'. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा, असं पोस्टर सापडणारच. लोक हार-फुलांचे इमोजी टाकतात आणि पुढं सरकतात.

पण पोस्टरवरचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करतो, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. त्याला पगार नाही, मानधन नाही. ऑफिस म्हणजे बहुतेक वेळा स्वतःचंच दुकान, नाहीतर चहाच्या टपरीवरचा ठरलेला बाक. गाडी स्वतःची, पेट्रोल स्वतःचं. तरीही निवडणूक आयोगाच्या मतदार यादीपासून तहसीलदारांच्या टेबलापर्यंत बऱ्याच गोष्टी या माणसाशिवाय हलत नाहीत.

हे पद समजून घ्यायला अमरावती जिल्ह्यातलं चांदूर रेल्वे बरं पडतं.

एकाच जिल्ह्यात दोन चांदूर आहेत. एक चांदूर बाजार, दुसरं मुंबई-हावडा मार्गावरचं, म्हणून ते चांदूर रेल्वे. गाव कपाशी-सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यातलं, तालुक्याचं ठिकाण. तहसील इथे आहे, उपविभागीय अधिकाऱ्यांचं कार्यालयही इथेच. गंमत नकाशाची आहे. 2008 च्या पुनर्रचनेत जुना चांदूर विधानसभा मतदारसंघ गेला आणि धामणगाव रेल्वे या नावाचा मतदारसंघ आला. तो लोकसभेला जोडला वर्ध्याला. म्हणजे जिल्हाधिकारी अमरावतीत, खासदार वर्ध्याचे, आमदारकीच्या मतदारसंघाला नाव धामणगावचं आणि रेल्वे स्टेशन मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात.

आता इथल्या कुठल्याही पक्षाच्या तालुका सचिवाची कल्पना करा. पक्षाची जिल्हा बैठक असली की अमरावती. लोकसभेची तयारी बैठक असली की वर्धा. गाडीच्या थांब्यासाठी निवेदन द्यायचं असेल तर नागपूर. तिन्ही दिशांनी निरोप येतात आणि तिन्हीकडचे लोक म्हणतात, 'तालुक्यातून इतकी माणसं आणा.'

2024 च्या लोकसभेत याचा कळस झाला. वर्ध्याची जागा महाविकास आघाडीत राष्ट्रवादी शरदचंद्र पवार पक्षाला सुटली आणि उमेदवार ठरले आर्वीचे माजी काँग्रेस आमदार अमर काळे. म्हणजे चांदूरमधल्या काँग्रेसच्या पदाधिकाऱ्यांना आयुष्यभर पंजा सांगितलेल्या घरांत जाऊन 'तुतारी वाजवणारा माणूस' समजावून सांगायचा होता. त्याच वेळी शेजारच्या अमरावती मतदारसंघात काँग्रेसचे बळवंत वानखडे पंजावरच लढत होते. जिल्हा एक, आघाडी एक, चिन्हं दोन. काळे आणि वानखडे दोघंही निवडून आले, पण दारोदारी चिन्ह समजावण्याचं काम कुणा मोठ्या नेत्यानं केलं नव्हतं, एवढं नक्की.

आधी 'सचिव' म्हणजे कोण ते बघू

इथं एक गोंधळ आहे. सचिव, चिटणीस, सरचिटणीस, मंत्री, कार्यवाह हे सगळे शब्द पक्षापक्षात वेगवेगळ्या वजनाने वापरले जातात.

चिटणीस हा शब्द तर शिवकाळापासूनचा. बाळाजी आवजी हे शिवाजी महाराजांचे चिटणीस, म्हणजे पत्रव्यवहार सांभाळणारे. लिहिणं आणि नोंद ठेवणं हे या पदाचं मूळ काम, आणि ते आजही सुटलेलं नाही.

काँग्रेस किंवा भाजपमध्ये तालुक्याचा, मंडळाचा किंवा ब्लॉकचा प्रमुख असतो अध्यक्ष. त्याच्या हाताखाली उपाध्यक्ष, सरचिटणीस, चिटणीस किंवा सचिव अशी उतरंड. इथे सचिव हा दुसऱ्या-तिसऱ्या फळीतला. कम्युनिस्ट पक्षांत मात्र उलटं आहे. तिथं शाखेला अध्यक्षच नसतो, शाखा सचिव हाच शाखेचा प्रमुख. शेतकरी कामगार पक्षातही जिल्हा चिटणीस म्हणजे जिल्ह्यातला मुख्य माणूस. शिवसेनेनं 'प्रमुख' हा शब्द धरला : गटप्रमुख, शाखाप्रमुख, तालुकाप्रमुख. आणि शेतकरी संघटनेत तर खिशाला लाल बिल्ला लावला की झाला कार्यकर्ता, पद असो-नसो.

त्यामुळे पोस्टरवर 'सचिव' वाचलं की आधी पक्ष बघायचा, मग त्या माणसाचं वजन ठरवायचं.

वऱ्हाडात कम्युनिस्ट कुठून आले, असं कुणाला वाटत असेल तर 1989 ची अमरावती लोकसभा बघा. भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सुदाम देशमुख, ज्यांना लोक सुदामकाका म्हणायचे, काँग्रेसच्या उमेदवाराला हरवून खासदार झाले होते. पुढच्याच म्हणजे 1991 च्या निवडणुकीत ही जागा काँग्रेसच्या प्रतिभा पाटील यांनी घेतली, ज्या नंतर राष्ट्रपती झाल्या. 1995 मध्ये चांदूर विधानसभेनं जनता दलाच्या डॉ. पांडुरंग ढोले यांना निवडून दिलं. पुढं जनता दलाचे तुकडे होत गेले. पक्ष असा विरघळला की आमदार दुसरीकडे जागा शोधू शकतो. शाखेच्या सचिवाकडं मात्र पावती पुस्तक, शिक्का आणि सभासदांची वही तेवढी उरते.

शाखा ही कल्पना आली कुठून?

डिसेंबर 1897 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीला भरलं होतं. अध्यक्ष सी. शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. पण तेव्हाची काँग्रेस म्हणजे वर्षातून एकदा जमणारी वकील-शिकलेल्या लोकांची सभा. चार दिवस भाषणं, ठराव आणि मग सगळे आपापल्या गावी.

हे बदललं 1920 च्या डिसेंबरात, नागपूर अधिवेशनात. गांधीजींच्या पुढाकारानं नवी घटना मंजूर झाली. चार आणे वर्गणी भरून कुणीही सभासद होऊ शकेल, प्रांत भाषेप्रमाणे असतील आणि गाव-तालुक्यापासून वरपर्यंत समित्या असतील, असं ठरलं. आता चार आणे गोळा करायचे म्हणजे पावती फाडणारा माणूस लागतो. नावं लिहिणारा लागतो. वरून आलेलं पत्र गावात वाचून दाखवणारा लागतो. बिनपगारी स्थानिक सचिव हा माणूस भारतात मोठ्या संख्येनं तयार झाला तो तिथून. आज मिस्ड कॉल देऊन सभासद होता येतं, पण तो मिस्ड कॉल द्यायला लावणारा माणूस लागतोच. भाजपनं 2024 च्या मोहिमेत सक्रिय सभासद व्हायचं तर आधी 50 प्राथमिक सभासद करा, अशी अट घातली होती. म्हणजे चार आण्यांची पावती मोबाईलवर आली, वणवण तीच.

खरं काम : निवेदन, पोच आणि 'नाव कटलं जी'

पक्षाच्या घटनेत सचिवाचं काम बैठक बोलावणं, इतिवृत्त लिहिणं, सभासद नोंदणी आणि वरच्या समितीला अहवाल देणं असं असतं. प्रत्यक्षात सकाळ सुरू होते ती वेगळ्याच गोष्टींनी.

"भाऊ, रेशन कार्डातून नाव कटलं जी." "दादा, लाडक्या बहिणीचे पैसे या महिन्यात नाही आले." "पीक विम्याचं काय झालं, पाहा बरं जरा." उत्पन्नाचा दाखला, संजय गांधी निराधारचा अर्ज, घरकुलाचा हप्ता, रोहित्र जळालं म्हणून वावरात वीज नाही. यातलं एकही काम सचिवाच्या अधिकारात नाही. त्याच्याकडे फक्त तीन गोष्टी आहेत : कुठल्या टेबलावर जायचं ते माहीत असणं, तिथल्या माणसाशी ओळख असणं आणि काम झालं नाही तर निवेदन देण्याची तयारी.

निवेदन हा स्वतंत्र विषय आहे. 'प्रति, मा. तहसीलदार साहेब' पासून 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल, याची सर्वस्वी जबाबदारी प्रशासनाची राहील' इथपर्यंत त्याचा साचा ठरलेला. नवखा पदाधिकारी निवेदन देतानाचा फोटो काढतो आणि निघतो. मुरलेला सचिव दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलत नाही. ती पोच असली की पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन विचारता येतं, माहिती अधिकारात कार्यवाही मागता येते, वरच्या कार्यालयात अपील करता येतं. फोटो मात्र स्टेटसवरून चोवीस तासांत जातो.

चांदूरमध्ये गाड्यांच्या थांब्याचा प्रश्न जुना आहे. तो तहसीलदार सोडवू शकत नाहीत, कारण थांब्याचा निर्णय रेल्वे मंडळाच्या पातळीवर होतो. तरी निवेदन तहसीलमध्ये दिलं जातं, कारण प्रत शासनामार्फत वर जाते आणि गावाला दिसतं. रूळावर उतरायचं ठरलं तर मात्र हिशेब बदलतो. रेल्वे कायदा 1989 चं कलम 174 गाडी अडवण्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगतं. साध्या मोर्चालाही पोलिसांची परवानगी लागते, आणि तो अर्ज ज्याच्या सहीनं जातो त्याचंच नाव काही बिनसलं तर गुन्ह्यात पहिलं येतं. भाषण करणारा नेता संध्याकाळी जिल्ह्याला परततो. तारखा स्थानिक माणसाला कराव्या लागतात.

गेल्या काही वर्षांत हे ओझं वाढलं, आणि त्याला कारण आहे. ओबीसी आरक्षण आणि प्रभाग रचनेच्या वादात राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका रखडल्या. बहुतेक नगरपालिकांवर प्रशासक होते. सर्वोच्च न्यायालयानं 6 मे 2025 ला निवडणुका घेण्याचे आदेश दिले आणि अखेर डिसेंबर 2025 मध्ये नगरपरिषदा-नगरपंचायतींचं मतदान झालं. मधल्या काळात नळाला पाणी नाही, नाली तुंबली म्हणून लोक जाणार कुणाकडं? नगरसेवक 'माजी' झालेले. मग पक्षाचा जो पदाधिकारी फोन उचलतो, त्याच्याकडं. ज्याला कुणी निवडून दिलं नाही असा माणूस निवडून दिलेल्या माणसाचं काम करत होता, तेही स्वतःच्या पेट्रोलवर.

तीन मतांचा हिशेब

आमदारकीच्या दृष्टीनं या पदाची किंमत कळायची असेल तर 2014 चा निकाल आठवा. धामणगाव रेल्वेत काँग्रेसचे वीरेंद्र जगताप यांनी भाजपचे अरुण अडसड यांना हरवलं, ते हजारपेक्षाही कमी मतांनी. मतदारसंघात तीनशे मतदान केंद्रं धरली, तर केंद्रामागे जेमतेम तीन मतांचा फरक. तीन मतं म्हणजे एक घर. पुण्याला गेलेला मुलगा मतदानाला आला की नाही, लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव यादीत चढलं की नाही, एवढ्यावर आमदार ठरू शकतो. 2019 आणि 2024 ला इथून भाजपचे प्रताप अडसड निवडून आले.

म्हणून सचिवाचं सगळ्यात किचकट आणि सगळ्यात कमी फोटो निघणारं काम म्हणजे मतदार यादी.

निवडणूक आयोग मान्यताप्राप्त पक्षांना प्रत्येक केंद्रासाठी एक मतदान केंद्रस्तरीय प्रतिनिधी नेमू देतो. बोलीभाषेत बीएलए. सरकारी बाजूनं बीएलओ असतो, बहुधा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका. बीएलए त्याच यादीतला मतदार असावा, अशी साधारण अट आहे. नवीन नावासाठी नमुना 6, नाव वगळण्यासाठी नमुना 7, दुरुस्ती किंवा पत्ता बदलासाठी नमुना 8. पूर्वी अठरा वर्षं पूर्ण झाल्याची तारीख फक्त 1 जानेवारी धरत. 2022 पासून 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा आणखी तीन तारखा आल्या. ही गोष्ट कॉलेजमधल्या किती पोरांना माहीत आहे? सचिवाला माहीत असेल तर ते पोरगं यादीत येतं.

आणि नगरपालिकेच्या निवडणुकीत एक वेगळीच मेख असते. ती राज्य निवडणूक आयोग घेतो, पण त्याची स्वतःची वेगळी नोंदणी नसते. विधानसभेची यादी घ्यायची आणि प्रभागवार फोडायची. 2025 च्या निवडणुकीसाठी 1 जुलै 2025 ची यादी धरली गेली. त्या तारखेला तुमचं नाव विधानसभेच्या यादीत नसेल तर नंतर कितीही हरकती घ्या, नाव चढत नाही. चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव मात्र बरोबर करता येतं. अर्धा तालुका दर निवडणुकीत या एका मुद्द्यावरून सचिवाशी भांडतो.

मतदानाच्या दिवशी त्याचं काम पहाटे सुरू होतं. खरं मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी प्रतिनिधींसमोर किमान 50 मतांचं अभिरूप मतदान होतं. तिथे आपला माणूस वेळेवर बसलेला हवा. संध्याकाळी केंद्राध्यक्षाकडून नमुना 17-सी ची प्रत घ्यायची. त्या केंद्रावर एकूण किती मतं पडली, याचा तो लेखी हिशेब. पुढं निकालानंतर टीव्हीवर यंत्रांवरून जे वाद होतात, त्यात कागदाचा पुरावा म्हणजे ही प्रत. आणि ती गोळा करून फाईलला लावणारा माणूस हाच, पोस्टरवरचा.

खर्च आणि सही

पक्षाला रोख देणगी घ्यायची असेल तर आयकर कायद्यानं एका वेळी 2000 रुपयांच्या आतच. 20,000 च्या वरची देणगी असेल तर देणाऱ्याचं नाव पक्षानं निवडणूक आयोगाला कळवायचं. हे नियम वरच्या पातळीवर ऐकायला ठीक. तालुक्यात चहा, झेरॉक्स, मंडप, जेवण याचा खर्च कुणीतरी 'करतो' आणि त्याची पावती बहुधा नसते.

धोका सहीत आहे. निवडणुकीच्या पत्रकावर खाली बारीक अक्षरात मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव असतं ना? लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 127-क ते बंधनकारक करतं, आणि मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रकाशक म्हणून नाव कुणाचं? बऱ्याचदा सचिवाचं. त्यातच भारतीय न्याय संहितेचं कलम 176 आहे. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च केला तर 10,000 रुपयांपर्यंत दंड. यात सूटही दिलीय, पण किती? दहा रुपयांपर्यंतचा खर्च असेल तर दहा दिवसांत उमेदवाराची लेखी मंजुरी घेता येते. 1920 चा आकडा 2023 च्या कायद्यात जसाच्या तसा. आज दहा रुपयांत प्रचार म्हणजे फार तर एक कटिंग चहा.

मग मिळतं काय?

काही पदाधिकारी विचारानं टिकतात, हे नाकारून चालणार नाही. आंबेडकरी आणि डाव्या पक्षांत सत्तेची आशा जवळपास नसतानाही वीस-तीस वर्षं वही सांभाळणारी माणसं असतात. बाकीच्यांसाठी छोटी-छोटी बक्षिसं असतात. पक्ष सत्तेत असेल तर तालुक्याच्या संजय गांधी निराधार समितीवर अशासकीय सदस्य, किंवा विशेष कार्यकारी अधिकारी म्हणून नेमणूक. आणि दूरवर दिसणारं सगळ्यात मोठं बक्षीस म्हणजे नगरपालिका किंवा पंचायत समितीचं तिकीट.

तिथेच सगळ्यात जास्त माणसं तुटतात. पक्षाची उमेदवारी ठरते ए आणि बी फॉर्मवर, आणि त्यावर सही करण्याचा अधिकार तालुका सचिवाकडे नसतो. ब्रिटनमध्ये मजूर पक्षाच्या उमेदवार निवडीत स्थानिक सभासदांच्या मताला परंपरेनं स्थान आहे. आपल्याकडे फॉर्म वरून येतो, कधी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी, आणि त्यावर नाव असतं आठवड्यापूर्वी पक्षात आलेल्या माणसाचं. पक्षांतर्गत निवडणुका घेतल्या नाहीत किंवा घटना पाळली नाही म्हणून निवडणूक आयोग पक्षाची नोंदणी रद्द करू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्येच सांगितलंय. त्यामुळे 'आमचं मत विचारलं नाही' ही तक्रार घेऊन सचिव जाणार कुठं?

या रांगेत काही लोक उभेच राहू शकत नाहीत. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम 1979 प्रमाणे सरकारी कर्मचाऱ्याला राजकारणात भाग घेता येत नाही. म्हणून तालुक्यात हे पद कास्तकार, दुकानदार, वकील, विमा एजंट आणि निवृत्त मास्तर यांच्यात फिरतं. बायका 'महिला आघाडी'त. स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत, पण पक्षाच्या कार्यकारिणीला तसं आरक्षण नाही, आणि पोस्टरकडे नीट पाहिलं तर ते दिसतंच.

पक्ष फुटला तेव्हा

2022 मध्ये शिवसेना फुटली. खरा पक्ष कुणाचा, हा वाद निवडणूक आयोगात गेला आणि गावागावात एक नवीन काम आलं : प्रतिज्ञापत्रं. पदाधिकाऱ्यांनी स्टॅम्प पेपरवर निष्ठा लिहून दिली, ती गठ्ठे करून दिल्लीला गेली. 17 फेब्रुवारी 2023 ला आयोगानं निकाल दिला. संघटनेतल्या बहुमताच्या कसोटीवरून काही ठरत नाही म्हणत आयोगानं आमदार-खासदारांची संख्या पाहिली आणि नाव-धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्याकडे गेलं. 6 फेब्रुवारी 2024 ला राष्ट्रवादीच्या बाबतीतही निर्णय विधिमंडळातल्या बहुमतावरच झाला आणि घड्याळ अजित पवारांना मिळालं.

सचिवाच्या नजरेनं बघितलं तर याचा अर्थ कडू आहे. पक्ष म्हणजे कोण, हे ठरवायची वेळ आली तेव्हा शाखांच्या सह्यांनी काही ठरलं नाही, आमदारांच्या डोक्यांनी ठरलं. पक्षांतरबंदी कायदा सचिवाला लागू नाही, तो हवा तिकडे जाऊ शकतो. पण एकाच गल्लीत राहणारे, एकाच लग्नात पंगतीला बसणारे दोन जुने सहकारी 'खरे' आणि 'गद्दार' झाले, ते भांडण आयोगाच्या निकालानं संपलं नाही.

आणि तरीही हा माणूस नसला तर काय होतं, ते 2025 मध्ये बिहारमध्ये दिसलं. तिथे मतदार यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण झालं आणि 1 ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे 65 लाख नावं गेली. देशभर गदारोळ झाला. 22 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं विचारलं, पक्षांचे जवळपास 1 लाख 60 हजार बीएलए कागदावर आहेत, मग त्यांच्याकडून हरकती फक्त दोनच कशा आल्या? हरकती घेतल्या जात नाहीत, असं पक्षांचं म्हणणं होतं. न्यायालयानं पक्षांना सांगितलं, तुमच्या माणसांना लोकांच्या मदतीला लावा. आणि अर्ज घेणाऱ्या अधिकाऱ्यांना सांगितलं, पक्षाच्या माणसानं हातात दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच द्या.